‘पैसे भेटले’ला यादीतून वगळा

डोकं फिरवणाऱ्या चुकीच्या मराठीची एक यादी वाचली. तिच्यात ‘माझी मदत कर’ आणि (‘मिळाले’ऐवजी) ‘पैसे भेटले’ या दोघांना एकाच माळेत ओवलंय, ते पटलं नाही. पहिलं सरळ हिंदीतून उचललेलं आहे. मराठीत मदत ‘मला’ करतात. ‘माझी मदत’ म्हणजे मी दुसऱ्याला केलेली. अर्थच उलटतो, तेव्हा डोकं फिरणं रास्त आहे. ‘भेटले’चं तसं नाही. राज्याच्या मोठ्या भागात माणसं भेटतात तशा वस्तूही भेटतात. वऱ्हाडातला माणूस ‘काय करून राहिला?’ म्हणाला तर तो चुकत नाहीये, त्याच्या बोलीत बोलतोय. पुण्याच्या कानाला खटकलं एवढाच त्याचा गुन्हा!

माझा खरा राग लेखी मराठीवर आहे. शाळेच्या ग्रुपवर ‘सरानी मुलाना बक्षीस दिल’ असा निरोप येतो. चार शब्दांत तीन अनुस्वार गायब. ‘दिलं’चं थेट ‘दिल’ झालं, तेही चक्क हिंदी. यावर ‘अनुस्वार तर १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले’ हे ठरलेलं उत्तर. अहो, काढले ते न उच्चारले जाणारे, ‘नांव’, ‘कांहीं’मधले. अनेकवचनाच्या सामान्यरूपावरचा, म्हणजे प्रत्ययाआधी बदललेल्या रूपावरचा (‘मुलां-ना’), अनुस्वार त्याच नियमांत शाबूत आहे, आणि आदरार्थी ‘सरांनी’लाही तोच लागतो.

‘दोन पेन पाहिजे’ला मात्र मी काही बोलत नाही. ‘पाहिजेत’मधला त बोलताना भल्याभल्यांकडून गळतो.