मदत हवी आहे: डेबियन ११ च्या सर्व्हरवर कोहा इन्स्टॉल होत नाही, पर्लच्या आवृत्तीवरून अडले आहे

नमस्कार.

मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात सर्व्हर आणि नेटवर्कचे काम पाहतो. आमच्या ग्रंथालयासाठी कोहा (ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर) बसवायचे आहे. ग्रंथपाल मॅडमनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी गेली दोन वर्षे दाखल नोंदवही समोर ठेवून अठरा हजार पुस्तकांच्या नोंदी मार्क २१ मध्ये (ग्रंथनोंदींच्या प्रमाणित साच्यात) भरल्या आहेत, मराठी पुस्तकांची शीर्षके देवनागरीत आहेत, आणि हे सगळे काम सध्या एका जुन्या डेस्कटॉपवर आहे. तो कधी बंद पडेल याचा भरवसा नाही, म्हणून घाई आहे. पण ज्या सर्व्हरवर कोहा बसवायचे आहे त्यावरच महाविद्यालयाचे प्रवेश अर्जांचे संकेतस्थळही चालते, त्यामुळे चुकीचे पाऊल टाकायला मी धजावत नाही.

सर्व्हरवर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार; या आवृत्तीचे नाव बुल्सआय) आहे, मेमरी ८ जीबी आहे. कोहाची रिपॉझिटरी (पॅकेजेसचे ऑनलाइन भांडार) जोडून, तिची किल्ली घालून, ॲप्ट (डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणारे साधन) अपडेट करून मी कोहा-कॉमन हे पॅकेज मागितले, तेव्हा लांबलचक यादी समोर आली: लिब-डीबीडी-मायएसक्यूएल-पर्ल लागते पण ते इन्स्टॉल होणार नाही, लिब-जीडी-पर्ल लागते पण ते इन्स्टॉल होणार नाही, लिब-एक्सएमएल-लिबएक्सएमएल-पर्लचेही तेच, आणि शेवटी 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' ही ओळ. या ओळीने माझे दोन दिवस खाल्ले. कोणीतरी एखादे पॅकेज होल्डवर (बदलू नये म्हणून अडवून) ठेवले असावे असे समजून मी ॲप्ट-मार्क शोहोल्ड चालवून पाहिले, प्रेफरन्सेसच्या फायली उघडून पाहिल्या, पण होल्डवर एकही पॅकेज नव्हते आणि पिनही (ठरावीक आवृत्तीला प्राधान्य देणारा नियम) कुठे लावलेली नव्हती. 'हेल्ड' या शब्दाचा येथे अर्थ एवढाच, की ॲप्टला सगळ्या अटी एकदम पाळणारी जुळणी सापडली नाही. हे मला उशिरा उमगले.

मग यादीतले एकेक पॅकेज स्वतंत्रपणे मागत खाली उतरत गेलो, तेव्हा सगळ्यांची तक्रार एकाच जागी येऊन थांबली. सी भाषेतला भाग असलेली पर्लची (कोहा ज्या भाषेत लिहिले आहे तिची) ही सगळी मॉड्यूले पर्लएपीआय ५.३२ (पर्लच्या त्या आवृत्तीशी जुळणारा दुवा) मागतात, कारण ती बुल्सआयच्या पर्लसाठी बांधलेली आहेत, आणि या सर्व्हरवर तो एपीआय पुरवणारे कोणीच नाही. ॲप्ट-कॅश पॉलिसी पर्ल-बेस असे विचारल्यावर इन्स्टॉल केलेली आवृत्ती ५.३६.० दिसली, कँडिडेट (ॲप्ट बसवू पाहील ती आवृत्ती) म्हणूनही तीच दिसली, बुल्सआयची ५.३२.१ खाली ५०० च्या प्राधान्याने होती, आणि ५.३६ च्या समोर रिपॉझिटरीचा पत्ताच नव्हता, फक्त डीपीकेजीच्या (बसवलेल्या पॅकेजेसची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) स्टेटस फायलीचा मार्ग आणि १०० हा आकडा होता. म्हणजे हे पर्ल डेबियन १२ (बुकवर्म) मधले आहे, आणि ते जिथून आले ती रिपॉझिटरी आता सोर्सेसच्या यादीत नाही. प्राधान्य १००० च्या वर नेल्याशिवाय ॲप्ट आपण होऊन मागची आवृत्ती बसवत नाही, त्यामुळे ते तिथेच अडून राहिले.

ॲप्टचे जुने हिस्टरी लॉग उघडल्यावर कारणही सापडले. माझ्या आधी हे काम पाहणाऱ्यांनी मारियाडीबीची (डेटाबेसची) नवी आवृत्ती हवी म्हणून बुकवर्मची ओळ जोडली, टार्गेट रिलीज बुकवर्म देऊन मारियाडीबी सर्व्हर घेतला आणि मग ती ओळ काढून टाकली. त्या एका आज्ञेने मारियाडीबी १०.५ ची १०.११ झाली, सोबत लिब-डीबीआय-पर्ल आले, त्याच्यामागे पर्ल ५.३६ आणि सी लायब्ररीही (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती) २.३१ वरून २.३६ वर गेली. संकेतस्थळ पीएचपी (ते ज्या भाषेत लिहिले आहे ती) ७.४ वर असल्याने त्याला काहीच जाणवले नाही आणि इतके दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. याहून मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: बुकवर्मची ओळ नसल्याने या पर्लला, या सी लायब्ररीला आणि मारियाडीबीला तेव्हापासून एकही सुरक्षा अपडेट मिळालेले नाही.

पुढे काय करावे यासाठी मला तीन वाटा दिसतात.

मागे जाणे, म्हणजे बुल्सआयला १००१ चे प्राधान्य देऊन सगळे खाली आणणे. डेबियनमध्ये डाउनग्रेडला अधिकृत आधार नाही, आणि चालू सर्व्हरची सी लायब्ररी खाली आणण्याची माझी हिंमत नाही. शिवाय मारियाडीबीच्या १०.८ पासून रिडो लॉगची (बदलांच्या नोंदवहीची) मांडणी बदलली आहे, त्यामुळे १०.११ ने वापरलेली डेटा डिरेक्टरी १०.५ उघडणार नाही; डंप (सगळ्या डेटाची प्रत) काढून पुन्हा भरावा लागेल. ही वाट मी जवळजवळ सोडली आहे.

पुढे जाणे, म्हणजे अख्खा सर्व्हर बुकवर्मवर नेणे. खरा उपाय हाच, असे माझे मत आहे. ॲप्टला फुल-अपग्रेडचा सराव करायला लावला, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता फक्त यादी मागितली, तर जुळणी लगेच सापडली. पण बुकवर्ममध्ये पीएचपी ८.२ आहे. प्रवेशाच्या संकेतस्थळाच्या कोडमध्ये शोध घेतला, तेव्हा ईच आणि क्रिएट-फंक्शन ही दोन्ही फंक्शने जागोजागी सापडली, आणि ती पीएचपी ८.० मध्येच काढून टाकलेली आहेत. हा कोड दुरुस्त करून तपासायला मला निदान महिना लागेल, आणि जूनमध्ये प्रवेश सुरू होतात.

तिसरी वाट, म्हणजे याच यंत्रावर डीबूटस्ट्रॅपने (नवी डेबियन उतरवणाऱ्या साधनाने) स्वच्छ बुकवर्म वेगळ्या डिरेक्टरीत उतरवून, सिस्टमडी-एनस्पॉनच्या कंटेनरमध्ये (याच यंत्रातल्या वेगळ्या कप्प्यात) कोहा त्याच्या स्वतःच्या मारियाडीबी, अपाचे (वेब सर्व्हर) आणि झेब्रासह (शोधाचे इंजिन) चालवणे, आणि बाहेरच्या अपाचेने फक्त रिव्हर्स प्रॉक्सी करणे, म्हणजे आलेल्या विनंत्या आत पोचवणे. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये स्वच्छ बुकवर्मवर कोहा-कॉमन पहिल्याच प्रयत्नात बसले, कोहा-क्रिएटने ग्रंथालयही तयार झाले आणि मॅडमनी दिलेल्या दोनशे नोंदी आयात होऊन शोधात सापडल्या. त्यामुळे आता कंटेनर, आणि प्रवेश संपल्यावर ऑगस्टमध्ये मुख्य सर्व्हरचे अपग्रेड, असा माझा कल आहे.

ज्यांनी असे केले आहे त्यांनी कृपया सांगावे: ८ जीबी मेमरीत दोन मारियाडीबी, झेब्रा आणि कोहाचे प्लॅक (त्याची पाने पुरवणारा भाग) हे सगळे एकत्र नीट चालते का, आणि बफर पूल (डेटाबेससाठी राखलेली मेमरी) किती ठेवावा? कंटेनरचे नेटवर्क होस्टचेच ठेवून पोर्ट बदलावेत, की व्हर्च्युअल इथरनेट (कंटेनरसाठी वेगळे आभासी नेटवर्क) बरे? आणि ऑगस्टपर्यंत निदान सुरक्षा अपडेट मिळावीत म्हणून बुकवर्म-सिक्युरिटीची ओळ जोडून, १०० च्या पिनने, आधीच बुकवर्मची असलेली पॅकेजेसच तिथून अद्ययावत होतील असे करता येईल का, की त्याने गुंता आणखी वाढेल? या शेवटच्या प्रश्नावर माझे सगळ्यात जास्त अडले आहे. पॉलिसीचे आणि हिस्टरी लॉगचे पूर्ण उतारे माझ्याकडे आहेत. कोणाला पाहायचे असल्यास इथेच देतो.