घरची भाषा एक, चाचणीची दुसरी: मूल मागे की मोजपट्टी चुकीची?

सांजवारा
शाळेची भाषा घरी बोलली जात नसेल तर त्या भाषेतल्या चाचणीवरून बौद्धिक अक्षमतेचा शिक्का मारूच नये. गप्पांपुरती भाषा १-२ वर्षांत येते, पुस्तकातली यायला ५-७ लागतात. मूल मधल्या सुट्टीत पटापट बोलतं म्हणून सगळे फसतात. मग बुद्ध्यांक ७० च्या खाली आला, की चालला विशेष वर्गात! चेक प्रजासत्ताकात रोमा या अल्पसंख्याक समाजाची मुलं अशीच विशेष शाळांत गेली. २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. ‘पालकांनीच संमतीची सही केली होती’ हा बचावही टिकला नाही. म्हणून आधी भाषा येऊ द्या, मग चाचणी.

काटेकोर
शेवटच्या वाक्याला कडकडून विरोध. थांबलात तर खऱ्या डिस्लेक्सियाच्या (वाचन शिकण्यातल्या अडचणीच्या) मुलाची वाचन शिकण्याची ऐन वर्षं जातात. आधी श्रवणचाचणी (ही हमखास राहते). मग पालकांना विचारा: पहिला शब्द कधी आला, दोन शब्द जोडून कधी बोललं, भावंडांच्या मानाने कसं? घरच्या भाषेतही अडत असेल तर दोष नव्या भाषेचा नाही.

सांजवारा
विचारणार कोण? दुभाषी म्हणून मोठ्या बहिणीला बसवतात आणि ती भावाची उत्तरं सावरून सांगते. शिवाय चाचणी भाषांतरित केली की तिची मानकं (कोणत्या वयाला किती गुण हवेत ते) लागू पडत नाहीत. साधं अंक ऐकून परत म्हणणं घ्या. अंकांची नावं लांब असलेल्या भाषेत कमी अंक लक्षात राहतात. त्यात बुद्धीचा काय संबंध?

काटेकोर
मग गुण मोजूच नका. चाचणी, शिकवणी, पुन्हा चाचणी. ५-६ बनावट शब्द घ्या, म्हणजे कोणतीच भाषा वरचढ ठरत नाही. दोन-तीन छोट्या बैठकांत शिकवा आणि दर वेळी किती इशारे द्यावे लागले ते लिहा. इशारे झपाट्याने कमी झाले तर मुलाला संधीच मिळाली नव्हती. तेवढेच लागत राहिले तर पुढची तपासणी लगेच. बनावट शब्दांतले ध्वनी मात्र घरच्या भाषेत असलेलेच हवेत, नाहीतर पुन्हा उच्चारच मोजाल.

पाटीपेन्सिल
दोघेही चाचणीपाशीच अडलात. निदान अचूक असूनही मुलाला शिकवण्याचा आराखडा फसतो. न बोलणाऱ्या मुलाच्या संवादपट्टीवर (बोट दाखवून सांगायच्या चित्र-शब्दांच्या पाटीवर) फक्त शाळेचे शब्द असतात, म्हणून ती घरी दप्तराबाहेर निघत नाही. ‘नजरेला नजर देईल’ हे उद्दिष्ट लिहितात. घरी मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणं हाच आदर असेल तर? आणि ‘घरी एकच भाषा बोला’ हा सल्ला तर बंदच करा. ऑटिझम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. आजीशी बोलणं तेवढं तुटतं.

सांजवारा
शिकवणीची पद्धत मान्य. पण ती सहा आठवडे करून बघेपर्यंत मूल नेहमीच्या वर्गातच राहिलं पाहिजे, आणि मदत त्याला तिथेच मिळाली पाहिजे.

काटेकोर
सहा चालतील. सहाची साठ करू नका.