आजोबांचं एचएमटी जनता मागे पडतंय

प्रश्न: चावीचं घड्याळ, 17 ज्वेलचं (म्हणजे आत 17 खडे). दिवसाला 20 मिनिटं मागे. दुकानदार म्हणतो, सर्व्हिसिंगबरोबर डायलही रंगवून देतो. करू का?

उत्तर: डायलला हात लावू देऊ नका! बाबांच्या घड्याळाची रंगवली, तर देवनागरीतलं ‘जनता’ तिरकं आलं. ‘ता’चा काना तर अजून डोळ्यांत खुपतो.

उत्तर: पंचवीस वर्षं घड्याळदुरुस्तीच करतोय. बहुधा तेल वाळलंय. नुसतं वरून तेल सोडणाऱ्याला देऊ नका. सगळं खोलून, धुऊनच नवं तेल घालायचं, खड्याला सुईच्या टोकाएवढं. हेअरस्प्रिंगला (घड्याळाची गती सांभाळणाऱ्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगला) तेल लागलं की वेढे चिकटतात, मग तेच घड्याळ पुढे पळतं! गिऱ्हाईक खूश, आठवडाभर.

प्रश्नकर्ता: खोलायला दिलं. डायल आहे तशीच, आजोबांच्या काळच्या डागासकट.