मदत हवी आहे: वारसनोंदीसाठी म्हणून सह्या घेतल्या, आता बहिणींचा हिस्सा गेला का?

निशिगंध
नमस्कार. आम्ही दोन बहिणी आणि एक भाऊ आहोत. वडिलांच्या पश्चात जमीन आणि राहते घर दोन्ही भावाच्या एकट्याच्या नावावर झाले असून आता तो जमीन विकत आहे. तीन वर्षांपूर्वी वारसनोंदीचे निमित्त सांगून त्याने आम्हा बहिणींच्या सह्या घेतल्या. कागदाचा वरचा भाग दुमडलेला होता आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. सख्खा भाऊ समोर बसलेला असताना घडी उघडून वाचावे, असे मनातही आले नाही. पुढील आठवड्यात खरेदीखत आहे. ते थांबवता येईल का, एवढेच कृपया सांगावे.

मृद्गंध
ताई, आपली घाई समजते, परंतु एवढ्यावरून उत्तर देता येणार नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतली होती की वडिलोपार्जित होती? मृत्युपत्र होते का? आई हयात आहेत का? आणि सह्या केल्या तो कागद साधा अर्ज होता की हक्कसोडपत्र?

पिंपळपान
मी अनुभवाने सांगतो, न्यायालयात जाऊ नका. आमचा वाटणीचा दावा अकरा वर्षे चालला आणि या काळात दोन्ही घरांतील मुलांनी एकमेकांची तोंडे पाहिली नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांना मध्ये घालून आपसांत वाटणीपत्र करावे.

रानवाट
पिंपळपान, खरेदीखत आठवड्यावर आले असताना बैठकीची वाट पाहणे म्हणजे जमीन हातची घालवणे होय. मात्र मुलींना समान हक्क देणारी कायद्यातील दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 रोजी लागू झाली; वडील त्यापूर्वी वारले असतील, तर वडिलोपार्जित जमिनीत मुलींना हक्क नाही.

मृद्गंध
हे बरोबर नाही. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले आहे की, मुलीचा सहदायिक हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील मुलाच्या बरोबरीचा हक्क, जन्माने येतो आणि 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची अट नाही.

सोनचाफा
यासाठीच प्रत्येकाने वेळीच मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्रही वैध असते आणि त्याची नोंदणी सक्तीची नाही.

निशिगंध
मृत्युपत्र नाही. जमीन आजोबांची होती. आई आहे, आजी-आजोबा नाहीत. आईची सही घेतल्याचे मला आठवत नाही. हे सारे विचारले जाईल असे वाटले नव्हते, क्षमस्व.

मृद्गंध
आई आहेत, ही फार महत्त्वाची गोष्ट आपण आता सांगितली. जमीन वडिलांची स्वतंत्र मालमत्ता धरली, तर हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 च्या कलम 8 प्रमाणे आई आणि तीन मुले मिळून चार समान हिस्से होतात. ती एकत्र कुटुंबाची धरली, तर वडील, आई व तीन मुले असे पाच हिस्से पाडून वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत वाटायचा. एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे पुन्हा एक चतुर्थांशच. त्यामुळे वरचा वाद आपल्या प्रकरणात गौण आहे. सातबारावरील नाव महसुलाच्या नोंदीपुरते असते, त्याने मालकी ठरत नाही. खरा प्रश्न त्या सहीचा आहे. सही करताना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आपला फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला होता का?

निशिगंध
नाही. सह्या घरीच झाल्या. आम्ही कोणत्याही कार्यालयात गेलो नाही.

मृद्गंध
मग तो दस्त नोंदवलेला नसण्याचीच शक्यता अधिक आहे. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडणाऱ्या दस्ताची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार आवश्यक असते. तरीही फेरफाराची (सातबारावरील नाव बदलल्याच्या नोंदीची) आणि त्यासोबत जोडलेल्या कागदांची प्रत उद्याच मागवा. नोंदवलेले हक्कसोडपत्र निघालेच, तर ते रद्द करून मागण्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे असते, म्हणून कळल्याचा दिवस लिहून ठेवा. वकिलांमार्फत वाटणीचा दावा आणि मनाई हुकमाचा अर्ज एकत्रच दाखल करा, लिस पेंडन्सची (मालमत्तेवर दावा प्रलंबित असल्याची) नोटीस नोंदवा आणि खरेदीदाराला लेखी कळवा.

पिंपळपान
खरेदीदाराला कळवण्याचे मलाही पटते. पण ती नोटीस भावाच्या हाती पडण्याआधी आईला सांगा; आम्ही तेवढे केले नव्हते.

निशिगंध
आईला आत्ताच फोन केला. तिच्याकडूनही त्याच दिवशी एका कागदावर अंगठा घेतला होता, असे ती म्हणाली. तो कागद कसला होता, हे तिलाही कोणी सांगितले नव्हते. उद्या सकाळी फेरफाराच्या प्रतीसाठी आम्ही तिघी मिळून अर्ज करणार आहोत.