लावणीच्या दिवसांतला ताप : लेप्टो, डेंग्यू की साधा?

प्रश्न – पाणंद

आमचे गाव कुडाळ तालुक्यात आहे आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. आई-वडील दोघेही साठी ओलांडलेले असून अजूनही भाताची लावणी स्वतः करतात. चिखलणी पॉवर टिलरने होते, परंतु तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढण्याचे आणि लावण्याचे काम दिवसभर चिखलात वाकूनच करावे लागते. नुकताच वाडीतील एका गृहस्थांना ताप आला. अंग मोडून आले आहे, लावणी उरकली की डॉक्टरांकडे जाऊ, असे म्हणत त्यांनी मेडिकलमधल्या गोळ्यांवर काही दिवस काढले आणि डोळे पिवळे दिसू लागल्यावर त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. निदान लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचे, झाले.

त्यानंतर आशाताईंनी लेप्टो टाळण्यासाठी घरोघरी डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. ताप नसताना गोळी कशाला घ्यायची, असे वडिलांचे म्हणणे आहे आणि पहिल्या मात्रेनंतर मळमळल्यामुळे आईने पाकीट फळीवर ठेवून दिले आहे. घरच्या माणसाला लेप्टो आणि डेंग्यू यांतील फरक ओळखता येतो का, प्रतिबंधक गोळीचा खरोखर उपयोग होतो का, आणि तापाच्या पहिल्याच दिवशी केलेली रक्ततपासणी निर्दोष आली तर निर्धास्त राहावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त वैद्यकीय अधिकारी

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत अधिक नुकसान तेथेच होते. लेप्टोची नेहमीची रक्ततपासणी ही जंतूंविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे शोधते आणि ती मोजण्याइतकी तयार होण्यास साधारणपणे पाच ते सात दिवस लागतात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा अहवाल निर्दोष आला, एवढ्यावरून लेप्टो नाही असे म्हणता येत नाही. भातशेतीच्या भागात लावणीच्या दिवसांत चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आला असेल, तर अहवालाची वाट न पाहता लेप्टो गृहीत धरून उपचार सुरू करणे हेच योग्य, कारण प्रतिजैविक जितके लवकर सुरू होते तितका मूत्रपिंड आणि फुप्फुसे वाचण्याचा संभव अधिक असतो.

आता ओळखण्याविषयी. लेप्टोचे जंतू उंदीर, घुशी, गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात येतात आणि कातडीवरील जखमा, भेगा, पाण्यात भिजून मऊ पडलेली त्वचा किंवा डोळे, नाक व तोंड यांवाटे शरीरात शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो, डोके दुखते आणि स्नायू दुखतात. त्यातही पोटऱ्या व कंबर इतकी दुखते की पोटरी नुसती दाबली तरी रुग्ण कळवळतो. डोळे लालबुंद होतात, मात्र डोळे आल्यावर येतो तसा चिपडा येत नाही. डेंग्यूमध्ये डोळ्यांच्या मागे दुखणे, सांधेदुखी आणि काही दिवसांनी अंगावर पुरळ ही लक्षणे अधिक आढळतात. तरीही पहिल्या दोन दिवसांत हे दोन ताप केवळ लक्षणांवरून निश्चितपणे वेगळे करणे डॉक्टरांनाही कठीण जाते, त्यात हिवतापही असतोच, त्यामुळे घरी बसून निदान करण्याचा खटाटोप करू नये. लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे, सतत उलट्या किंवा पोटात तीव्र वेदना होणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. डेंग्यूत ताप उतरू लागल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अंगदुखीचे इंजेक्शन किंवा वेदनाशामक गोळ्या घेऊन पुन्हा शेतात उतरण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे लेप्टोमध्ये आधीच ताणाखाली आलेल्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात आणि डेंग्यूमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढवतात. डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ, याहून अधिक काही देऊ नये.

प्रतिबंधक गोळीबाबत वडिलांची शंका स्वाभाविक आहे. सतत चिखलात काम करणाऱ्यांना लावणीच्या हंगामापुरती, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन दिली जाते. अंदमानात झालेल्या चाचणीत असे दिसले की या गोळीने जंतुसंसर्ग पूर्णपणे टळला नाही, परंतु आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्यामुळे गोळी घ्यावी, मात्र गोळी घेतली आहे म्हणून ताप अंगावर काढू नये.

उत्तर – आरोग्यसेविका, राजापूर तालुका

गोळ्यांचे वाटप करताना आम्हांला हेच अनुभव येतात. बहुतेकांना मळमळ होते ती रिकाम्या पोटी गोळी घेतल्यामुळे. पेज किंवा जेवण झाल्यावर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, म्हणजे घशात व छातीत जळजळत नाही. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना ही गोळी देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरे औषध ठरवतात.

गमबूट आणि हातमोजे वापरा, असे आमच्या पत्रकांत छापलेले असते, परंतु गुडघाभर चिखलात गमबूट रुतून बसतो आणि हातमोजे घालून तरव्याची काडी धरता येत नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. म्हणून मी बायकांना जे जमण्यासारखे आहे तेच सांगते. शेतात उतरण्यापूर्वी पायाच्या भेगा आणि हाताच्या चिरा पाहाव्यात, उघड्या जखमेवर पाणी शिरणार नाही अशी पट्टी लावावी आणि ज्याची जखम मोठी आहे त्याने बांधावरचे काम घ्यावे. कामावरून परतताना व्हाळात (ओढ्यात) हातपाय खळबळून घरी येण्याची सवय सोडावी, कारण त्याच व्हाळात वरच्या वाडीतील गोठ्यांचे पाणी उतरते. घरी येऊन विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने साबण लावून धुवावे. गोठ्यातील मूत्र वाहून जाण्यासाठी स्वतंत्र चर काढून ते शोषखड्ड्यात सोडावे, म्हणजे ते न्हाणीच्या वाटेवर साचत नाही.

उत्तर – गिरगाव

मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक मुद्दा जोडतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहरात लेप्टोची मोठी साथ आली होती आणि तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन घ्यावी, असे महापालिका दर पावसाळ्यात सांगत असते. परंतु आमच्यापैकी अनेक जण लावणीला चार दिवस गावी जातात, मदत करून परततात आणि त्यांना ताप येतो तो आठवड्याभराने, इकडे. डॉक्टर विचारतात ते घराजवळ डास आहेत का, पाणी साचले आहे का, आणि रुग्णालाही शेतातला चिखल आठवत नाही. गेल्या महिनाभरात शेतात, गोठ्यात किंवा पुराच्या पाण्यात उतरलो होतो, हे न विचारताही सांगावे.

पाणंद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच वडिलांना फोनवर सगळे वाचून दाखवले आणि त्यांनी जेवणानंतर गोळी घेतली. एक शंका उरली आहे : आई कॅल्शियमची गोळी रोज घेते आणि पित्तासाठी अधूनमधून अँटासिडही घेते. यांचा डॉक्सीसायक्लिनशी काही संबंध येतो का?

उत्तर – निवृत्त वैद्यकीय अधिकारी

येतो, आणि हे विचारलेत ते बरे झाले. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड यांच्यामुळे डॉक्सीसायक्लिन रक्तात नीट शोषले जात नाही. गोळी ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी ती दुपारच्या जेवणानंतर घ्यावी, कॅल्शियम रात्रीवर न्यावे आणि अँटासिड व डॉक्सीसायक्लिन यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. त्यांची इतर नेहमीची औषधे असतील तर ती चिठ्ठी आरोग्य केंद्रात एकदा दाखवून घ्यावी.