आजोबांची दुनळी: पट्टीवरच्या नावावरून काय कळतं?

माणदेशी_गडी
आजोबांची 12 बोरची दुनळी परवान्यासकट गेल्या महिन्यात माझ्या नावावर झाली. घोडे बाहेर असलेली, जुन्या धाटणीची. नळ्यांमधल्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.' कोरलंय. नळ्यांवर नागमोडी तपकिरी रेषा आहेत आणि दस्त्याला घोड्यांच्या मागे केसाएवढी चीर. गावात कुणी म्हणतं लष्करातली, कुणी म्हणतं लाखोंची. खरं काय? आणि नळ्या घासून चकचकीत करून घेऊ का?

जुनी_नळी
घासायचं नाव काढू नका! मामांची दुनळी मी एका कारागिराकडे 'जरा साफ कर' म्हणून दिली होती. पठ्ठ्यानं पॉलिश पेपर मारून नळ्या आरशासारख्या केल्या, वर काळा रंग चढवला, आणि मी खूश होऊन पैसे दिले. पुढे एका संग्राहकानं ती हातात घेतली, पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं आणि न बोलता परत ठेवली. तुमच्या त्या रेषा रंगवलेल्या नाहीत. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून नळी केलीय, ती वीण दिसते. डमास्कस म्हणतात ते हेच.

लष्कराचा संबंध एवढाच की 'आर्मी अँड नेव्ही' हे लंडनचं सहकारी भांडार फौजी अधिकाऱ्यांसाठी निघालं होतं. मुंबईतही दुकान होतं, काळा घोड्याची इमारत अजून उभी आहे. बंदुका दुसरीकडून करवून घ्यायचे आणि वर आपलं नाव घालायचे. तेव्हा पट्टी सोडा. रिकामी आहे ना बघा, मग नळ्या उतरवून बुडाच्या सपाट बाजूला काय काय ठोकलंय ते लिहा.

माणदेशी_गडी
मुकुटाखाली फुलीसारखे राजदंड, एकात बीपीसी, एकात व्ही. हिऱ्याच्या आकारात 12 आणि सी. वेगळा 13. डाव्या नळीवर 'चोक'. एवढंच.

जुनी_नळी
वा! हे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के. राजदंडांची ही जोडी 1813 ते 1904 चालली, हिऱ्यातलं 12-सी, म्हणजे काडतुसाच्या खोलीचं माप, 1887पासून. म्हणजे बंदूक या सतरा वर्षांतली. 'चोक' (नळी तोंडाशी अरुंद) हेही जुळतं, त्याआधी 'नॉट फॉर बॉल' (एकसंध गोळी झाडू नका) ठोकायचे. एनपी (नायट्रो प्रूफ) कुठेच नाही, म्हणजे नायट्रो, म्हणजे हल्लीच्या बिनधुराच्या दारूची चाचणी झालेली नाही. हल्लीचं काडतूस घालायचं नाही, एकदाही नाही, 'बघू तरी' म्हणूनही नाही.

तो 13 महत्त्वाचा. चाचणीच्या वेळी नळीचं आतलं माप 0.710 इंच किंवा जरा जास्त, पण 0.719च्या आत होतं, असा त्याचा अर्थ. बुडापासून 9 इंचांवर आज मोजून घ्या. 0.719 भरलं, तर गंजाचे खड्डे घालवायला कुणीतरी आतून खरवडलंय आणि भिंत पातळ झालीय. भाव तिथेच पडतो.

बाकी मी आधी स्क्रू बघतो. चांगल्या इंग्लिश बंदुकीत खाचा नळीच्या रेषेत असतात. वाकड्यातिकड्या, चेचलेल्या दिसल्या की समजायचं, कुणीतरी घरच्या पेचकसानं उघडलीय. मग दस्त्यावरची चौकडीची नक्षी बोटाला अजून टोचते का ते बघतो. केसाएवढी चीर चालते, जुन्या दस्त्यांना ती असतेच. मात्र फेव्हिकॉल भरू नका, कृपा करा.

कोर्टकचेरी
मधे बोलतो. शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही, ही गावगप्प आहे. 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 सूट देतं ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. आणि 2019पासून एका माणसाला दोनच बंदुका. तुमच्या नावावर आधीच्या किती आहेत, मोजा.

माणदेशी_गडी
ही एकच. स्क्रू सगळे रेषेत, एक सोडून. माप घ्यायला माणूस शोधतोय. घरी आणखी काही बघता येईल?

जुनी_नळी
उतरवलेल्या नळ्या बुडाच्या आकड्यात बोट घालून लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेरानं हलकी टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद यायला हवा.

माणदेशी_गडी
मारली. मडक्यासारखं थप्प वाजलं.

जुनी_नळी
मग पट्टीचा डाख कुठेतरी सुटलाय. आत पाणी शिरून गंज धरला असेल. भिंतीवर शोभेल, पण झाडायची नाही. आणि डाख लावायला त्या माझ्या कारागिरासारख्या कुणाकडे देऊ नका.