‘देवावर सोडा’ की ‘देवावर सोपवा’? रुग्णाजवळच्या प्रार्थनेतले शब्द

(नागपुरातल्या चौघांची चर्चा; नावांच्या जागी त्यांचे भाग.)

सदरकर: दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या मंडळीच्या (चर्चच्या) लोकांसाठी खिशात मावेल अशी एक चिठ्ठी छापायची आहे. मजकूर असा ठरतोय: ‘देव आपल्याला झेपेल तेवढीच परीक्षा देतो. त्याच्यावर श्रद्धा ठेवा, काळजी करू नका, सर्व काही देवावर सोडा.’ यात ‘श्रद्धा’ बरोबर, की ‘विश्वास’, की ‘भरवसा’? एवढंच विचारायचं होतं.

बर्डीवाली: भाऊ, श्रद्धेचं नंतर पाहू. आधी शेवटचे दोन शब्द काढा. ‘देवावर सोडा’ हे आपल्याकडे वॉर्डात केव्हा म्हणतात? डॉक्टरांनी हात टेकले की. ‘आता देवावर सोडलं’ म्हणजे आशा संपली. ‘रामभरोसे’ म्हणजे वाली नसलेलं काम, ‘देवावर हवाला ठेवून’ म्हणजे काही तजवीज न करता. उद्या ऑपरेशन असलेल्या माणसाच्या हातात ही चिठ्ठी पडली तर तो आधी नर्सला विचारेल की माझ्यापासून काय लपवताय.

‘सोपवा’ म्हणा. सोपवताना घेणारा समोर असतो, घ्यायला तयार असतो. सोडताना कुणी झेललं की नाही, हे कोण पाहतो? बायबलच्या स्तोत्र 37:5 मध्ये (स्तोत्र 37, ओवी 5) मराठीत ‘आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे’ असंच आहे. तिथलं हिब्रू क्रियापद ‘गालल’, म्हणजे लोटणे, गडगडवणे. याकोबाने विहिरीच्या तोंडावरचा धोंडा लोटला, तिथेही हेच क्रियापद आहे. उचलता येत नाही ते लोटायचं, असा त्याचा भाव.

कामठी रोड: आणि ‘टाकणे’? ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’, 1 पेत्र 5:7. ‘टाकणे’ म्हणजे कचरा टाकणे वाटतं, म्हणून बदलावं असं तरुण मुलं सुचवतात.

बर्डीवाली: बदलू नका. ‘टाकणे’ म्हणजे ‘वर घालणे’ही होतं: अंगावर शाल टाकणे, बैलाच्या मानेवर जू टाकणे. ग्रीक क्रियापदही तेच सांगतं. लूक 19:35 मध्ये शिंगरावर वस्त्रं टाकली, तिथे हेच क्रियापद वापरलंय. ओझं एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जातं.

त्या वचनाचा मराठीतला खरा नफा ‘काळजी’ शब्दात आहे. ग्रीकमध्ये दोन निराळे शब्द आहेत, ‘मेरिम्ना’ (चिंता) आणि ‘मेलेइ’ (काळजी घेणे). मराठीत काळजी एकच, पण क्रियापदाने अर्थ उलटतो: काळजी *करणे* हा त्रास, काळजी *घेणे* ही माया. भाषांतरकारांनी पहिल्या ठिकाणी ‘चिंता’ घेतली म्हणून गोंधळ टळला. तुमच्या चिठ्ठीत ‘काळजी करू नका’ आहे आणि खाली कुणीतरी ‘काळजी घ्या’ लिहिणारच. जवळजवळ आले की वाक्य विचित्र वाचलं जातं.

मोहननगर: मूळ प्रश्नाकडे येतो. बायबलच्या मराठीत चार शब्द फिरतात आणि प्रत्येकाची क्रियापदं ठरलेली आहेत.

‘विश्वास’ दोन तऱ्हांनी येतो, ठेवणे आणि धरणे. ‘भिऊ नको, विश्वास मात्र धर’ हे येशूने याईराला म्हटलंय (मार्क 5:36), तेही त्याची मुलगी गेली असा निरोप आल्याच्या क्षणी. सुटू पाहणारी वस्तू धरायची असते, म्हणून तिथे ‘ठेव’ फिकं पडलं असतं. ‘भाव’ नीतिसूत्रे 3:5 मध्ये आहे, ‘परमेश्वरावर भाव ठेव’. देव भावाचा भुकेला म्हणणाऱ्या समाजात हा शब्द पक्का मुरलेला होता, पण आता कळमन्याच्या बाजारातला संत्र्याचा भाव आणि ‘भाव खाणे’ एवढंच मुलांना ऐकू येतं. चिठ्ठीत नको. ‘श्रद्धा’ चुकीचा नाही, सुंदरच आहे, पण तो माणसाच्या मनाची वृत्ती सांगतो. समोर कोण आहे ते त्यातून कळत नाही.

राहिला ‘भरवसा’. इब्री 11:1 मध्ये विश्वासाची व्याख्याच ‘आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा’ अशी केली आहे. रोजच्या बोलण्यात मात्र हा शब्द नकारातच जास्त येतो: पावसाचा भरवसा नाही, त्या पोट्ट्याचा भरवसा नाही. म्हणून होकारार्थी वाक्यात तो ताजा वाटतो. माझं मत ‘भरवसा’ला. फक्त ‘भरोसा’ लिहू नका. हिंदी उपासनेला जाणारे बरेच जण इथे तसं बोलतात, बोलू द्या, छापताना ‘भरवसा’.

सदरकर: ठीक. मग ‘झेपेल तेवढीच परीक्षा’ हे तरी राहू द्यावं ना? ते वचनच आहे.

मोहननगर: वचन तसं नाही, गडबड इथेच होते. 1 करिंथ 10:13: ‘मनुष्याला सहन करता येत नाही अशी परीक्षा तुमच्यावर गुदरली नाही.’ यातला ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’. त्याचे दोन अर्थ, कसोटी आणि मोह. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात मराठी भाषांतराला त्याच मुळाच्या शब्दांसाठी दोन शब्द वापरावे लागले, 1:2 ला ‘परीक्षा’ आणि 1:13 ला ‘मोह’. करिंथच्या त्या अध्यायात विषय मूर्तिपूजेचा, म्हणजे पापाकडे ओढणाऱ्या प्रसंगाचा आहे. कॅन्सरचा किंवा अपघाताचा नाही. उलट हे पत्र लिहिणारा पौल स्वतः 2 करिंथ 1:8 मध्ये म्हणतो की आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा सोडली. म्हणजे झेपेना असं म्हणायला पौलाला लाज वाटली नाही. आजाऱ्याला ‘झेपेल तेवढंच देतो’ म्हटलं की न झेपण्याचा दोष त्याच्याच माथी बसतो.

‘गुदरणे’ मात्र जपायला हवा असा शब्द आहे. फारसी ‘गुजर’ आपल्याकडे आला आणि त्याचा प्रसंग गुदरणे झाला.

कामठी रोड: रडणं, देवाला जाब विचारणं, हे अविश्वासात मोडतं का? काही घरांत तसं शिकवतात. त्यासाठी शब्द कोणता?

बर्डीवाली: ‘गाऱ्हाणे’. आणि त्याच्या उलट ‘कुरकुर’. दोन्ही तक्रारीच, पण गाऱ्हाणे *मांडतात*, म्हणजे ज्याच्याकडे मांडायचं तो समोर बसलेला असतो. स्तोत्रकर्ता 142 व्या स्तोत्रात गाऱ्हाणे देवापुढे मांडतो. रानात इस्राएल लोक कुरकुरले ते मोशे आणि अहरोनाविरुद्ध (निर्गम 16). देवाकडे तोंड करून बोलतोय की पाठ करून, एवढाच फरक.

150 स्तोत्रांत सर्वांत मोठा गट विलापाचाच आहे. सहा ओव्यांचं स्तोत्र 13 घ्या. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. 3-4 मध्ये मागणी, 5-6 मध्ये भरवसा. भेटीला जाणारे बहुतेक जण थेट पाचव्या ओवीपासून सुरू करतात. आजारी माणूस तेव्हा पहिल्या ओवीत असतो. आणि 88 वं स्तोत्र तर कधी वळतच नाही, त्याचा शेवट अंधारावर होतो. तेही पवित्र शास्त्रातच ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही.

मोहननगर: व्याकरणातली एक चूक सध्या वाढलीय. प्रार्थनेत देव मराठीत ‘तू’च असतो. ‘प्रभू, तुम्ही यांना बरं करा’ हे हिंदीच्या ‘आप’वरून आलेलं आदरार्थी. त्याने जवळीक जाते आणि पुढे प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना ठेच लागते. आजारी माणूस मात्र ‘तुम्ही’ आणि ‘यांना’. एकाच वाक्यात दोन्ही येतात, गल्लत होते, म्हणून लिहूनच द्या. संबोधनही तपासा: पित्या, ख्रिस्ता, परमेश्वरा, पण ‘हे प्रभू’.

सदरकर: नवा मजकूर पाहा.

‘तुम्हाला जे वाटतं ते देवाला सांगा, गाऱ्हाणंही सांगा. तो ऐकतो यावर भरवसा ठेवा. हे प्रभू, आमच्या ______ यांचे दुखणे तुला ठाऊक आहे. त्यांना बरे कर, रात्रीची झोप दे. डॉक्टर व नर्स यांच्या हाताला यश दे. आमची चिंता आम्ही तुझ्यावर टाकतो. येशूच्या नावाने मागतो, आमेन.’

कामठी रोड: ‘आमेन’ त्याच हिब्रू धातूतला, ज्यातून विश्वासाचा शब्द येतो. त्यामुळे तो आजाऱ्यानेही म्हणावा, दमाने म्हणू द्यावा. आपणच घाईत म्हणून उठून जाऊ नये.

बर्डीवाली: नुसत्या प्रार्थनेला अर्धा मिनिट पुरतो. नाकात नळी असलेल्याजवळ त्याहून लांबवू नका. ‘आमच्या’च्या पुढची जागा रिकामीच राहू द्या, नाव विचारून घ्यायचं, ‘हा पेशंट’ म्हणायचं नाही. आणि अक्षर 16 पॉइंटच्या खाली नको, चष्मा उशीखाली कुठेतरी असतो.